होडीचे कुलूप आणि त्याची किल्ली



अंबाडी धरणाच्या काठाने जाताना खुंट्याला बांधलेली एखादी छोटी होडी आपण सर्वांनीच पाहिली असेल. तिला कुणी होडी म्हणतो, कुणी नाव, कुणी चप्पू. रात्री जाळे टाकून पहाटे मासे बाजारात पोहोचवणारा तिचा मालक दुपारी घरी झोपलेला असतो आणि होडी पाण्यावर एकटी असते. तिला कुलूप लावावे की नाही, हा प्रश्न या पानावर लिहिण्याइतका मोठा आहे असे आम्हालाही आधी वाटले नव्हते. पण आमच्या ओळखीच्या एका काकांमुळे तो मनात घर करून बसला आहे.

हे काका तालुक्यातल्या एका तलावावर बरीच वर्षे मासेमारी करतात. होडी ते नायलॉनच्या दोराने बाभळीला बांधायचे. कुलूप लावा म्हटले की त्यांना राग यायचा. "कुलूप लावणे म्हणजे अख्ख्या गावाला चोर म्हणणे," असे ते म्हणायचे, आणि आम्हाला ते पटायचे. मग एका सकाळी होडी जागेवर नव्हती. तिसऱ्या दिवशी ती पलीकडच्या काठाला लव्हाळ्यात अडकलेली सापडली. एक वल्हे गेले होते, जाळे फाटले होते. गावातल्याच चार पोरांनी रात्री फेरी मारायला नेली होती. काकांनी तक्रार केली नाही. पण त्यांची झोप उडाली ती वल्ह्यामुळे नव्हे. त्या चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हते, हे त्यांना नंतर कळले. पुढच्या आठवडी बाजारातून त्यांनी साखळी आणि कुलूप आणले.

म्हणजे कुलूप अविश्वासाचेच असते असे नाही. अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की गच्चीला कठडा घाल, नाहीतर कुणी पडला तर त्याचे रक्त तुझ्या घरावर येईल. आपल्याकडे धाब्याची घरे होती तेव्हा उन्हाळ्यात सगळे वर झोपायचे. कठड्याचे मोल जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. निर्गमाच्या पुस्तकात तर उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात दुसऱ्याचा बैल पडला तर भरपाई खड्डा खणणाऱ्याने द्यायची आहे. शेजारी चांगला की वाईट, हे या दोन्ही नियमांत कुणी विचारत नाही. रात्रीच्या अंधारात, मित्रांच्या नादात, चांगल्या घरच्या पोराचाही पाय घसरतो एवढेच त्यांत गृहीत धरले आहे.

यावरून कुणी म्हणेल की मग चूक काकांचीच. तसे नाही. उघडे दार हे आत येण्याचे आमंत्रण नसते. त्या पोरांच्या घरचे म्हणत होते, "चोरली कुठे? फिरवून आणली." हे आपण सगळेच म्हणतो, शेजाऱ्याची सायकल असो की ऑफिसातला कागद. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थ्याने परवानगीशिवाय विमान उडवले आणि ते पाकिस्तानात उतरले. आपला कायमचे नेण्याचा हेतू नव्हता, असा त्याचा बचाव होता. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मालकाच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे, थोड्या वेळासाठी नेणे हीदेखील चोरीच. विमान आणि चप्पू यांत फरक खूप, पण न विचारता नेणे दोन्हीकडे सारखेच.

आणि चोरी केवढी मोठी, हे वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. जुनी होडी विकायला काढली तर शहरातल्या माणसाला तो आकडा फारसा वाटणार नाही. पण अनुवादाच्याच पुस्तकात एक फार सुंदर नियम आहे: कर्जासाठी कुणाचे जाते गहाण घेऊ नये, त्याची वरची तळीसुद्धा नाही, कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीव गहाण घेणे होय. आमच्या आया पहाटे जात्यावर बसायच्या. नुसती वरची तळी नेली तरी घरात त्या दिवशी भाकरी नाही, हे त्यांना लगेच कळले असते. मासेमाराची होडी म्हणजे त्याचे जाते. वल्हे म्हणजे वरची तळी.

याचा पुरावा इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर मिळतो. १९४२ मध्ये जपानी सैन्य येईल या भीतीने ब्रिटिश सरकारने बंगालच्या किनारी जिल्ह्यांतल्या दहाहून जास्त माणसे नेऊ शकणाऱ्या होड्या जप्त केल्या किंवा नष्ट केल्या. अशा होड्या ४० हजारांहून अधिक होत्या. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून केलेला हा बंदोबस्त होता. पण त्या होड्यांवर मासेमार जगत होते, धान्याची ने-आण होत होती, बेटांवरची शेती होत होती. पुढच्याच वर्षी तिथे भयंकर दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती, त्यांत हे एक. होडी सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली ती माणसापासूनच दूर केली तर काय होते, ते तिथे दिसले.

हेच लहान प्रमाणात काकांच्या कुलपाचे झाले. साखळी आणल्यावर पुढच्या हिवाळ्यात एक शेतकरी पाण्यातल्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह साफ करायला उतरला आणि खोल पाण्यात ओढला गेला. तरंगत्या पाइपाला धरून तो ओरडत होता. काठावर होडी होती, पण कुलूपबंद. वल्ही काकांच्या घरी, आणि काका बाजाराला. दोघा तरुणांनी दगडाने कुलूप फोडले, बांबू घेऊन होडी ढकलली आणि त्या माणसाला बाहेर काढले. काका परत आले तेव्हा आधी तुटलेले कुलूप पाहून चिडले, मग सगळे ऐकून मटकन खाली बसले.

त्या तरुणांनी चोरी केली का? संत थॉमस अक्वाईनस यांनी तेराव्या शतकात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जिवावर बेतलेल्या गरजेत दुसऱ्याची वस्तू वापरणे ही खऱ्या अर्थाने चोरी नव्हे, आणि ती गरज आपली नसून शेजाऱ्याची असली तरीही नव्हे. ख्रिस्तसभेची शिकवण आजही हीच आहे. आम्हाला मात्र त्यातली दुसरी बाजू जास्त बोचते. घेणाऱ्याचा दोष नाही म्हटले की ठेवणाऱ्याकडे बघावे लागते. आपली वस्तू आपण अशी बांधून ठेवली की अडलेल्याला ती फोडल्याशिवाय मिळू नये, तर ते कुलूप कठडा उरते का?

शुभवर्तमानात दोन उसनवाऱ्या आहेत. प्रभू येशू शिमोनाच्या होडीत बसला आणि ती काठापासून थोडी आत घ्यायला त्याला सांगितले. मालक तिथेच होता, आणि वल्हेही त्याच्याच हाती राहिले. दुसऱ्या वेळी शिष्यांनी बांधलेले शिंगरू सोडले. मालकांनी विचारले, का सोडता? शिष्यांनी गरज सांगितली, मालकांनी नेऊ दिले, आणि संत मार्क म्हणतो की ते लगेच परत पाठवण्याचा शब्दही होता. दोन्हीकडे विचारायला कुणीतरी होते. काकांच्या काठावर तसे कुणी नव्हते.

ज्यांच्या होड्या आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. दोर विळ्याने एका क्षणात कापला जातो, म्हणून साखळी हवी. ती होडीच्या अंगात पक्क्या बसवलेल्या कडीतून घ्यावी आणि उपटता न येणाऱ्या झाडाला किंवा पुरलेल्या लोखंडाला बांधावी. साखळीला ढील ठेवावी. पावसात तलावाचे पाणी रात्रीत चढते, आखूड साखळीने होडी खाली ओढली जाऊन भरते. उन्हाळ्याकडे पाणी मागे जाते, तेव्हा दर काही दिवसांनी जागा बदलावी लागते. होडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत नाव किंवा नंबर रंगवलेला असावा. वल्ही घरी न्यावीत हे बरोबर, पण दोन-चार हात लांबीचा बांबू काठावर राहू द्यावा.

काकांनी नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या करून घेतल्या. एक त्यांच्याकडे, एक तलावाशेजारच्या शेतातल्या घरी आणि एक गावातल्या किराणा दुकानात. ३१ ऑगस्ट २०२१ च्या त्या रात्री आपल्या घाटात दरड कोसळली आणि खाली चाळीसगावात पुराचे पाणी शिरले, तेव्हापासून तिसऱ्या किल्लीवर कुणी हसत नाही. किल्ली कुणी नेली ते दुकानदार वहीत लिहितो. काकांना हे लिहिणे आवडत नाही. "आता विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवावा," असे ते म्हणतात. आम्हाला वही बरी वाटते.

त्या चार पोरांपैकी एक जण आता पोहायला शिकला आहे आणि कधीकधी काकांबरोबर जाळे ओढायला जातो. चौघांनी येऊन माफी मागितली होती, काकांनी ती केव्हाच दिली. पापनिवेदनात आपण हेच शिकतो की घेतलेले परत केल्याशिवाय चोरीचा हिशेब पुरा होत नाही. पोरांच्या घरच्यांना आम्ही एकदा आठवण करून दिली. पण हरवलेल्या वल्ह्याचे पैसे अजून आलेले नाहीत, आणि काका बांबूनेच होडी चालवतात.