ध्वजाचा धागा

राष्ट्रध्वज कोणत्या धाग्याचा असावा, हा प्रश्न नियमपुस्तिकेपुरता आहे असे पुष्कळांस वाटेल. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. चिन्हाचे पावित्र्य केवळ रंगांत व आकारात असते, की ज्या द्रव्याचे आणि ज्या श्रमांचे ते बनले त्यांतही असते?

घटनासमितीने २२ जुलै १९४७ रोजी ध्वज स्वीकारला. पुढे दीर्घकाळ तो हातसुताच्या, हातमागाच्या खादीचाच असावा, असा दंडक होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्राचे कापड व पॉलिएस्टर यांनाही मुभा मिळाली. आता ऑगस्टमध्ये मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांत खिडकीखिडकीतून ध्वज दिसतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसास खादी परवडत नाही, म्हणून त्याने ध्वजच लावू नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयानेच २००४ साली सांगितले आहे.

तथापि स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतच असतो. आपल्या नांदेडला खादीचे ध्वज शिवले जातात. त्या कापडामागे सूत कातणारे, विणणारे, रंगविणारे असे कितीतरी हात असतात. यंत्राला त्यांची गरज नाही. आणि ज्या ध्वजाने त्यांस स्वावलंबनाचे आश्वासन दिले, त्यानेच त्यांस निरोप द्यावा, हे मला विपरीत वाटते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. जीर्ण ध्वजाचे विसर्जन एकांतात, शक्यतो दहनाने करावे, असे ध्वजसंहिता सांगते. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. तो जळून चिमूटभर राख होते. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते. ते धड जळत नाही. आक्रसते, वितळून थेंबाथेंबाने गळते, काळा धूर सोडते आणि मागे कठीण गोळा ठेवते. ज्यास सन्मानाने निरोप देता येत नाही, असे हे द्रव्य आहे.

म्हणून नागरिकाच्या हातातील स्वस्त ध्वजास माझा आक्षेप नाही. सरकारी खरेदीस आहे. टिपणी लिहिताना सर्वांत कमी दराकडे बोट दाखविण्याची आम्हा कारकुनांची सवय खुर्च्या-टेबलांपुरती ठीक आहे. सरकारने आपले ध्वज खादीचेच घ्यावेत, आणि १६ ऑगस्टला गल्लोगल्लीचे पॉलिएस्टरचे ध्वज आदराने गोळा करण्याचे काम नगरपालिकांकडे सोपवावे.