शेजाऱ्याची विहीर

गेल्या एप्रिलमध्ये जुम्याच्या नमाजीनंतर वाडीतील एक वयस्क गृहस्थ मशिदीत मागे थांबले. त्यांची विहीर 35 फुटांची, आजोबांच्या काळी जांभा फोडून बांधलेली. तिच्या पाण्यावर दोन वर्षांपूर्वी लावलेली हापूसची 60 कलमे जगत होती. जानेवारीत शेजारच्या कुटुंबाने आखातातून आलेल्या पैशांतून आपल्या आवारात बोअर मारली आणि मार्चअखेर या विहिरीचा तळ दिसू लागला. त्यांनी विचारले, ‘‘मौलाना, माझं पाणी गेलं. भरपाई मागायचा मला हक्क आहे का?’’

मी किताबात पाहून सांगितले, ‘‘त्यांनी स्वतःच्या जमिनीत खोदले आहे. त्यांच्यावर भरपाई लागत नाही.’’ ते ‘‘बरं’’ म्हणाले आणि निघून गेले. उत्तर किताबातले होते. पण त्याच मसल्याला जोडलेली अट मी त्यांना सांगितली नव्हती. ही उणीव माझी होती, म्हणूनच हा लेख.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची. पडलेले पाणी मुरते आणि वहाळांवाटे लवकरच खाडीला मिळते. जे थोडे मागे उरते, त्यावर आपल्या विहिरी उन्हाळा काढतात. कोवळ्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षे पाणी मिळाले नाही, तर सारी मेहनत वाया जाते. त्यामुळे इथे विहीर आटणे म्हणजे एका घराची पुढील पिढीची मिळकत आटणे होय.

भूगर्भातील वाहते पाणी कोणाच्याही मालकीचे नाही, हे फुकहांचे सर्वसाधारण मत आहे. म्हणून आपल्या हद्दीत विहीर खोदणाऱ्यास त्यांनी अडवले नाही. आपल्या देशातील 1882 चा सुविधाधिकार कायदाही जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे, निश्चित प्रवाहाने न वाहणारे पाणी घेण्याचा हक्क देतो. मात्र कोकणातील बहुसंख्य मुसलमान ज्या शाफई मसलकाचे अनुयायी आहेत, त्यातील इमाम नववी यांच्या ‘मिन्हाज’ या ग्रंथात एक महत्त्वाची मर्यादा आहे. प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा वापर रूढीप्रमाणे करावा. रूढी ओलांडली आणि त्यातून नुकसान झाले, तर तो जबाबदार ठरतो.

हा मसला लिहिला गेला, तेव्हाची रूढी काय होती? दोर, पोहरा, रहाट, बैल. माणसाच्या आणि जनावराच्या दमाला सीमा असते, आणि तीच सीमा शेजाऱ्याच्या विहिरीचे रक्षण करीत असे. आज बटण दाबले की पंप रात्रभर चालतो. खडकाच्या पोटात शेकडो फूट उतरून दिवसरात्र उपसा करणे ही कोणत्या अर्थाने रूढी? सरकारलाही हा फरक मान्य आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 ने शेती व उद्योगांसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. अंतिम निर्णय मुफ्तींनी द्यावा. परंतु ‘माझी जमीन, माझे पाणी’ एवढ्यावर हिशेब संपत नाही, हे आपण ओळखले पाहिजे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासमोर हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी गृहस्थाचा पाटाच्या पाण्यावरून वाद आला होता. जुबैर (रजि.) यांची बाग वरच्या अंगाला होती. पैगंबरांनी प्रथम त्यांना सांगितले की, आपल्या झाडांना पाणी द्यावे आणि मग ते शेजाऱ्याकडे सोडावे. अन्सारीने पक्षपाताचा आरोप केला, तेव्हा मात्र त्यांनी जुबैर (रजि.) यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला. या घटनेचा क्रम विचार करण्यासारखा आहे. आधी हक्काहून कमी घेण्याची तडजोड सुचवली गेली. हक्काचे काटेकोर माप नंतर आले. आपण नेमके उलट करतो.

आता पर्यायी पाण्याचा आणि पैशाचा प्रश्न. प्रथम खात्री करावी. काही दिवस बोअर बंद ठेवून विहिरीतील पातळी मोजावी. शंका राहिली तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा. कारण दरवेळी दोष बोअरचाच असतो असे नाही. दोष तिचाच दिसला, तर पावसापर्यंत शेजाऱ्याच्या झाडांपुरते पाणी त्याला द्यावे आणि पुढे त्याची विहीर खोल करण्याच्या खर्चात वाटा उचलावा. हा वाटा जकातीत धरता येणार नाही. देणे चुकते करून त्याला जकात म्हणता येत नाही. उरलेल्या रकमेसाठी व्याजी कर्जाऐवजी जमातीने कर्जे-हसना उभे करावे. पात्र शेतकऱ्याने रोजगार हमीतून मिळणाऱ्या सिंचन विहिरीच्या अनुदानासाठीही अर्ज करावा. आणि पावसाळा सरताच सर्वांनी मिळून वहाळावर वनराई बंधारे घालावेत. तेथे अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि कोणत्या विहिरीत जायचे ते मालकाचे नाव विचारून ठरवत नाही.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर मालकाला मोबदला देऊन विकत घेतली आणि मग सर्वांसाठी खुली केली, हे आपण अभिमानाने सांगतो. तो सदका होता, आणि त्याचे पुण्य थोर आहे. पण ज्याचे पाणी आपल्या पंपाने ओढले, त्याला दिलेले पाणी सदका नव्हे, ते देणे आहे.

मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन माझे अपुरे उत्तर दुरुस्त केले आणि मग शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पंप पाच दिवस बंद ठेवला. विहिरीला पाणी चढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नळी ओढून आणली. वृद्ध गृहस्थ संकोचले, ‘‘मी कोणाचं दान घेत नाही.’’ शेजारी म्हणाले, ‘‘चाचा, दान कसलं? तुमचंच पाणी आहे.’’ कलमांपैकी निम्मी वाचली. उरलेल्यांचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो दोघांनाही मान्य आहे.

अल्लाह आपल्याला आपले देणे ओळखण्याची आणि ते आखिरतीपूर्वी फेडण्याची तौफिक देवो. आमीन.