उत्तराला जागा ठेवा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या मुरगुडात पूर्वी दवंडी पिटली की गावाला बातमी कळायची. आता ते काम मोबाइलवरचे ग्रुप करतात. पुण्यात नोकरीला असलेल्या पोराला गल्लीतली मयत कधीकधी शेजाऱ्याच्याही आधी कळते. ग्रुपवर फोटो पडतो, त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते आणि कर्तव्य पार पडले असे आपण मानतो. त्या घरात जाऊन, भिंतीला टेकून बसलेल्या बाईला “वहिनी, दोन घास खाल्लासा का?” असे विचारणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत. बातमी सगळ्यांपर्यंत गेली, पण त्या बाईचे दुःख कोणी ऐकले?

संवादाचे शास्त्रही बराच काळ बातमी पोहोचवण्याभोवतीच फिरत राहिले. 1948 साली अमेरिकेत दोन मांडण्या पुढे आल्या. कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कोणाशी आणि त्याचा परिणाम काय, हे राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी विचारले. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी संदेश तारेतून बिनचूक कसा न्यावा याचे गणित मांडले. दोन्ही कामे मोठी आहेत. पण तारेसाठी बांधलेले गणित माणसांना लावले, की ऐकणारा नुसता टोकाला बसलेला उरतो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस चिलीतल्या शेतकऱ्यांमध्ये काम करताना नेमके यावरच बोट ठेवले. वरून ज्ञान ओतणाऱ्या कृषी अधिकाऱ्याने शेतकऱ्याचे काही ऐकलेच नाही, तर त्याला संवाद म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या मातीत हे शहाणपण त्याआधीच दिसले होते. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी कागल जहागिरीतल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथे गेले आणि तुम्हाला तुमचा नेता मिळाला आहे, असे त्यांनी लोकांना सांगितले. हुकूम काढण्याची ताकद असलेला राजा ज्यांना कोणी ऐकत नव्हते त्यांच्या सभेत जाऊन बसला. त्याच वर्षाच्या 31 जानेवारीला बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ हे वृत्तपत्र सुरू झाले होते आणि त्यालाही महाराजांची मदत होती. पुढे केवढा बदल घडला, त्याची मुळे या ऐकण्यात आहेत.

हा वारसा संपलेला नाही. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला दोन दिवस उरले असताना, 4 मे 2022 रोजी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तिला काय वाटते, हे विचारायची पद्धतच नव्हती. हेरवाडच्या ठरावाला सूचक बाई होती आणि अनुमोदकही बाईच. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा मार्ग धरायला सांगितले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022च्या स्वातंत्र्यदिनापासून वेगळी वाट धरली. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, माणसे एकमेकांशी बोलतात. कायदा नाही, दंडुका नाही. गावाने ठरवले आणि पाळले.

याच्या उलट काय होते, तेही आपण पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी भटक्या समाजातली पाच माणसे जमावाने ठार केली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. गावाने बसून बोलावे म्हणून बांधलेल्या त्या खोलीत “तुम्ही कुठले?” या प्रश्नाचे उत्तर ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. जून 2023मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून खुद्द शाहूंच्या कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले.

म्हणून मोबाइलच वाईट, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. त्याच मोबाइलवरून सासरी एकटी पडलेली लेक आईशी मोकळे बोलते. ऊसतोडणीला गेलेला बाप रात्री पोरांचा आवाज ऐकतो. साधनाने आपली ताकद वाढवली आहे. ती कोणाच्या कामी लावायची, हा नीतीचा प्रश्न आहे आणि तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

बदलत्या समाजाला संवादाचा नवा सिद्धांत हवा असेल, तर त्याची कसोटी मी अशी धरीन: सगळ्यात कमी ऐकला जाणारा माणूस उलटून बोलू शकतो का, आणि त्याच्या बोलण्याने ठरलेली गोष्ट बदलू शकते का? जिथे दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तिथे लाख संदेश फिरले तरी संवाद नाही.

ही कसोटी मुरगुडात आजपासून लावता येईल. तरुण मंडळांनी, दूध संस्थांनी, बचत गटांनी आपल्या बैठकीत कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, याची नोंद ठेवावी. गप्प राहिलेल्याला पुढच्या खेपेला पहिल्यांदा बोलू द्यावे. ग्रुप चालवणाऱ्याने खातरजमा न झालेला मजकूर काढून टाकावा, मग तो पाहुण्याने पाठवलेला का असेना. महाविद्यालयातल्या पोरापोरींनी या नोंदी गोळा कराव्यात, त्यांचा अभ्यास करावा. आपला सिद्धांत परदेशी पुस्तकातून आयता येणार नाही. तो मुरगुडच्या बैठकांतच घडेल आणि त्याची सुरुवात ज्याला आजवर विचारले नाही, त्याला विचारण्यापासून करावी लागेल.