दहा जण शुद्ध झाले, तारण कोणाला मिळालं?

आजचा शास्त्रपाठ: लूक १७:११-१९



आजचं मनन जरा घरचं आहे. माझ्या पप्पांचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. मागच्या वर्षी आम्ही त्यांना एका चंगाई सभेला घेऊन गेलो. प्रार्थना झाली, तेल लावलं, आम्ही सगळे रडलो. पुढचे रिपोर्ट मात्र तसेच आले. सभेतल्या एका सेवकांना मी फोन केला. ते म्हणाले, "भाऊ, देव तर द्यायला तयार आहे, विश्वास कुठेतरी कमी पडतोय." फोन स्पीकरवर होता. पप्पांनी ऐकलं.

त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. गुरुवारी हॉस्पिटलला जाताना रिक्षात हळूच म्हणाले, "माझा विश्वास खरंच कमी आहे का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. इनपुट बरोबर असेल तर आउटपुट यायलाच हवं, नाही आलं तर इनपुटमध्ये बग आहे, अशीच सवय. त्या सेवकांचं लॉजिकही तेच होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मलाही ते पटलं होतं.

म्हणून आजचा शास्त्रपाठ मी पप्पांचा प्रश्न घेऊन वाचला.

दहा कुष्ठरोगी लांब उभे राहून येशूला हाका मारतात. येशू त्यांना हात लावत नाही, फक्त याजकांकडे जायला सांगतो. मोशेच्या नियमाप्रमाणे, कुष्ठ गेलं हे ठरवणं याजकाचं काम होतं. म्हणजे अंगावर कुष्ठ असतानाच ते दहाही जण निघाले, आणि वाटेत शुद्ध झाले. इथे एक गोष्ट माझ्या नजरेतून आजवर सुटली होती. विश्वास दहाही जणांनी दाखवला! चंगाईही दहाही जणांना मिळाली. तरी परत आला एकच, तोही शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका.

आता मूळ ग्रीक शब्द बघा. दहा जण 'शुद्ध' झाले, तिथे एक शब्द आहे. आपण 'बरे' झालो हे त्या एकाला दिसलं, तिथे दुसरा. आणि तो येशूच्या पायाशी पडल्यावर येशू जो शब्द वापरतो तो तिसराच आहे: सोझो. या शब्दाचा अर्थ वाचवणं, बरं करणं, तारणं. लूक ७:५० मध्ये पापी स्त्रीला येशू हेच वाक्य बोलतो, आणि तिला कुठला आजार असल्याचा उल्लेखच नाही. तिथे आपण मराठीत 'तारले' असं वाचतो, इथे 'बरे केले' असं वाचतो. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द तोच.

प्रेषितांची कृत्ये ४ मध्येही असंच आहे. पांगळा माणूस कसा बरा झाला हे सांगताना पेत्र ९व्या वचनात हाच शब्द वापरतो, आणि १२व्या वचनात याच शब्दाने तारणाबद्दल बोलतो. म्हणजे देवाच्या मनात शरीर एका खात्यात आणि आत्मा दुसऱ्या खात्यात असं नाही. जो तारणारा आहे, तोच बरं करणारा आहे. चंगाईवर विश्वास ठेवणाऱ्यांची आपण टिंगल करतो, ते म्हणूनच चूक आहे. यशया ५३ मधला दुःख वाहणारा सेवक घ्या. मत्तय ८:१७ तो भाग खऱ्याखुऱ्या आजारांशी जोडतो, तर १ पेत्र २:२४ पापाशी. आपल्याला यातला एकच निवडायचा मोह होतो. शास्त्र दोन्ही धरून ठेवतं.

पण दोन्ही एकत्र आहेत म्हणजे दोन्ही एकाच वेळी मिळतात असं नाही. नऊ जणांना चंगाई मिळाली, पण ज्याने दिली त्याच्याकडे ते परतले नाहीत. उलट बाजूला पौल बघा. त्याने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा मिळाली (२ करिंथ १२). तीमथ्याचं पोट सतत बिघडायचं, तर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, विश्वास वाढव असं नाही सांगत (१ तीम. ५:२३). त्रफिमाला तर त्याने मिलेतात आजारीच सोडलं (२ तीम. ४:२०). ज्या पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, त्याच्याच सोबत्यांची ही गोष्ट. यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहून गेलं. पुढे केडगावला त्यांनी जी संस्था उभी केली तिचं नावच 'मुक्ती'. १९०५ मध्ये तिथे मोठं आत्मिक संजीवन झालं. पण रमाबाईंचा बहिरेपणा गेला नाही. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा त्यांच्या आधी वारली. आणि त्याच रमाबाई मूळ भाषांमधून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम शेवटपर्यंत करत राहिल्या. त्यांच्या तारणाचं माप त्यांच्या कानांवरून काढायचं का?

मग चंगाई म्हणजे नक्की काय? मला वाटतं, ती येणाऱ्या गोष्टीचा बयाणा आहे. लाजर कबरेतून बाहेर आला, पण नंतर पुन्हा मेलाच. येशूने बरं केलेलं प्रत्येक शरीर शेवटी मातीत गेलं. त्या चंगाया खोट्या होत्या का? नाही. पुढे पुनरुत्थानात काय होणार आहे, ते देवाने त्यातून दाखवलं. रोम ८:२३ मध्ये पौल आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट बघतो. म्हणजे ख्रिस्ताच्या लोकांपैकी कोणीच कायमचा आजारी राहणार नाही. कोणाला आज थोडं आगाऊ मिळतं, कोणाला त्या दिवशी सगळं एकदम. तारण शेवटी शरीरालाही बरं केल्याशिवाय पूर्ण होत नाही. पण आजचा रिपोर्ट हे तारणाचं सर्टिफिकेट नाही.

आणि विश्वास कमी पडतोय म्हणणाऱ्यांनी मार्क २ पुन्हा वाचावं. छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्यांचा विश्वास येशूने पाहिला. खाटेवरच्या माणसाची परीक्षा कोणी घेतली नाही. म्हणजे आजाऱ्याचा विश्वास थकला असेल, तर खाट उचलायचं काम आपलं आहे. आपण काय करतो? खाट उचलायची सोडून खाटेवरच्यालाच विचारतो, तू स्वतः का नाही उठलास?

त्या गुरुवारी रिक्षात पप्पांना हे सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी 'हो' असाच घेतला असणार. ते ओझं माझ्यावर आहे.

काल शनिवार होता. मशीन सुरू झाल्यावर मी त्यांना लूक १७ वाचून दाखवला, आणि त्या दिवशीच्या गप्प बसण्याबद्दल माफी मागितली. ते थोडा वेळ डोळे मिटून पडले होते. मग म्हणाले, "त्या एकासारखं परत यायला बरं व्हायची वाट कशाला बघायची? मी तर रोजच येतो." मग शेजारच्या बेडवरच्या काकांसाठी प्रार्थना कर म्हणाले, त्यांचं फिस्च्युला बिघडलंय.

पप्पांच्या किडनीसाठी आम्ही आजही मागतो. रोज मागतो, स्पष्ट मागतो. देव करू शकतो यात शंका नाही. फक्त आता ती प्रार्थना त्यांच्या विश्वासाची परीक्षा राहिलेली नाही.

आज विचार करा: तुमच्या ओळखीच्या एखाद्या आजारी माणसाला तुम्ही शेवटचं काय म्हणालात? त्याने त्याची खाट हलकी झाली की जड?

प्रार्थना: प्रभू येशू, तू आमचा तारणारा आहेस आणि तूच आम्हांला बरं करणारा आहेस. जे आजारी आहेत त्यांना आज स्पर्श कर. ज्यांना अजून वाट बघायची आहे, त्यांच्या जवळ बस. आणि आम्हांला खाट उचलणारे हात दे. आमेन.