कुंडीतील निवडुंग



धारूर तालुक्यातील एक कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले. निवडुंगाची कुंडी शेजाऱ्यांच्या स्वाधीन केली. शेजारी भले. रोज तांब्याभर पाणी घालीत. बुडखा मऊ, तपकिरी झाल्यावर कुंडी आमच्याकडे आली. बालाघाटच्या कोरड्या माळावर पाण्याने कुजलेले झाड!

नुसते पाणी बंद करून कूज थांबत नाही. सुरी स्पिरिटने पुसून निरोगी गर लागेपर्यंत कापत जावे लागते. एक तपकिरी ठिपका राहिला तरी कूज पुन्हा वर चढते; येथे हात आखडणे ही दया नव्हे. मग वरचा तुकडा खपली धरेपर्यंत आठ-पंधरा दिवस सावलीत कोरडा ठेवायचा, बुडाला भोक असलेल्या कुंडीत भरड वाळूत लावायचा आणि मुळे फुटेपर्यंत थांबायचे.

हे थांबणेच आम्हांला अवघड जाते. लूककृत शुभवर्तमानातील माळी अंजिरासाठी वर्षाची मुदत मागतो, पण त्याला खणायचे, खत घालायचे काम तरी आहे. येथे तेही नाही. दुखवट्याच्या घरी आम्ही असेच तांब्यामागून तांब्या उपदेश ओततो. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ निःशब्द बसले होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर.