मेथीचा जीव

कार्तिकी पौर्णिमा झाली की आमच्या शेजारच्या बेनच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर परत येते. फाल्गुन शुद्ध चौदशीला बंद झालेली पालेभाजी आठ महिन्यांनी पुन्हा सुरू होते. श्वेतांबर जैन घरांतला हा नियम घाटकोपरला राहणाऱ्यांना नवा नाही. उन्हाळ्यात आणि पावसात पानांवर बारीक जीव फार, म्हणून पाला वर्ज्य. मोकळे उरतात ते थंडीचे चार महिने, आणि नेमके तेच महिने माझ्या ग्रिलमधल्या कुंड्यांचे असतात. मुंबईची थंडी ती केवढी! पण पहाटे हवा जरा गार झाली तरी पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू यांना तेवढं पुरतं.

पंतनगरातल्या आमच्या खिडकीला सकाळचं ऊन मिळतं. लाल माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट, एवढ्यावर घरापुरता पाला निघतो. मागच्या मार्गशीर्षात बेन दारात उभ्या होत्या आणि मी कात्रीने पालक कापत होते. त्या म्हणाल्या, "ताई, रोज पाणी घालता, बोलता पण त्यांच्याशी, आणि मग स्वतःच कापता. जीव कसा चालतो तुमचा?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी महापालिकेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, तरी तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

बाजारातून जुडी आणली की हा प्रश्न पडत नाही. जुडी येते तेव्हा मरण होऊन गेलेलं असतं, आपण फक्त निवडायला बसतो. घरी पेरलं की सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, मातीत पसरून वर पातळ थर द्यायचा. मग बरेच दिवस काहीच दिसत नाही. एका सकाळी माती जरा उचलल्यासारखी होते आणि खालून वाकडी मान वर येते. बी अजून डोक्यावर टोपीसारखं असतं. ते गळतं आणि दोन लांबट, साधी पानं उघडतात. कोथिंबिरीचं नक्षीदार पान नंतर येतं. हे ज्याने पाहिलं त्याला 'भाजीच तर आहे' असं म्हणणं जड जातं.

आणि फक्त भाजीच मरते असंही नाही. पालकाच्या पानामागे मावा चिकटलेला असतो. नागअळी पानाच्या आतून पांढरी नागमोडी रेघ काढत जाते. निंबोळी अर्क फवारला तरी मरायचं ते मरतंच, आणि उरलेला मावा मी अंगठ्याने चिरडते. विकतच्या भाजीसाठी हेच काम कुणीतरी शेतात माझ्या वतीने करत असतं.

बेनच्या परंपरेत या सगळ्याचा सूक्ष्म हिशेब आहे. वनस्पती एकेंद्रिय जीव, त्यांना स्पर्श तेवढा कळतो. त्यातही एका देहात एकच जीव असलेल्या वेगळ्या आणि एका देहात अनंत जीव असलेल्या वेगळ्या. कांदा, बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळं दुसऱ्या प्रकारात येतात. कोवळा अंकुरही त्यातच मोडतो. म्हणून वाळूत वाढवलेली, मुळांसकट विकली जाणारी समुद्रमेथी त्या घेत नाहीत. मी ताटलीत तशीच मेथी वाढवली होती, तीही त्यांनी हात जोडून नाकारली. इवलंसं झाड उपटून पुरतं संपवायचं, हे त्यांना सोसत नाही. पालकाची बाहेरची पानं मात्र त्यांनी आनंदाने नेली.

झाडाला जीव असतो, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज भृगूंना झाडांबद्दल शंका विचारतो. भृगूंचं उत्तर मला शिक्षिका म्हणून आजही आवडतं, कारण ते पुरावे देतात. उष्णतेने पान कोमेजतं, म्हणजे त्याला स्पर्श कळतो. वेल वाट काढत आधाराला विळखा घालते, म्हणजे तिला दिसतं. झाड पायांनी पाणी पितं. आणि तोडलेलं पुन्हा फुटतं, म्हणजे ते जिवंत आहे. पुढे 1901 मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पतींचा प्रतिसाद यंत्राने दाखवला. मी वर्गात हे रंगवून सांगायचे. पण एक गोष्ट मुद्दाम जोडायचे: प्रतिसाद म्हणजे दुःख असं सिद्ध होत नाही. झाडाला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही. मेथीला दुखतं असं मी म्हणणार नाही. मेथीला जगायचं असतं, एवढं मात्र म्हणेन. पानं, मग फूल, मग शेंग, मग बी, हा तिचा रस्ता आहे आणि मी तो मध्येच तोडते.

पुदिन्याचा शेंडा खुडला की खाली दोन फांद्या फुटतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की त्या मोकळ्या होतात. म्हणजे खुडणं झाडाच्या भल्याचंच, असं मनाला समजावता येतं. मला तो दिलासा घ्यावासा वाटत नाही. मी शेंडा चटणीसाठी खुडते, पुदिन्याच्या कल्याणासाठी नाही.

मला धीर दिला तो वनपर्वातल्या धर्मव्याधाने. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा हा माणूस, आणि तपाचा अभिमान असलेला कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो. व्याध त्याला सांगतो, शेती चांगली म्हणतात, पण नांगराखाली किती जीव मरतात! धान्याचा दाणाही जीवच आहे. चालतानाही पायाखाली जीव जातात. पूर्ण अहिंसक असा कुणीच नाही, जपणाऱ्याच्या हातून हिंसा कमी होते एवढंच. त्याने आपलं काम निर्दोष ठरवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आमच्या वारकऱ्यांत सावता माळी. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचा, तेराव्या शतकातला. त्याला विठ्ठल आपल्या मळ्यातच, भाजीपाल्यात दिसला. मी त्याच्यापुढे नेहमी नतमस्तक होते, पण बेनच्या प्रश्नाने तिथेही अडले. कांदा उपटला की तो पुरता संपतो. त्यात देव पाहणाऱ्याने तो उपटावा कसा? 'सगळं देवाचंच, मग तोडलं काय नि राहिलं काय' असं म्हणणं फार सोपं आहे, आणि या वाटेने कशाचंही समर्थन होतं. सावत्याचा भाव तसा नसावा, असं मला वाटतं. जो रोज पाणी धरतो, तण काढतो, थंडीवाऱ्यात मळ्यात उभा राहतो, त्याने आपलं आयुष्यही त्या कांद्याला दिलेलं असतं. घेणं एकतर्फी नसतं. मी कधीमधी गच्चीवर शेजाऱ्यांना शिकवते, तेव्हा हेच आधी सांगते: खत घालायचा, पाणी घालायचा कंटाळा असेल तर कापायचा हक्कही नाही.

मातीचंही तेच. श्रीपाद दाभोलकरांच्या विचारातून आलेल्या अमृत मातीच्या पद्धतीत नाना प्रकारचं बी पेरून, उगवलेली कोवळी रोपं कापून पुन्हा मातीतच मिसळतात. एका हिरव्या पिढीवर दुसरी उभी राहते. यात दोष नाही असं मी म्हणत नाही. याशिवाय ताटात काही येत नाही.

म्हणून मी काही गोष्टी पाळायला लागले. समुद्रमेथी बंद केली. हे बेनच्या शास्त्राप्रमाणे नव्हे, तर वाढू शकणारं झाड चार घासांसाठी उपटणं मला अनावश्यक वाटतं म्हणून. मेथी बुडापासून न कापता खालची पानं ठेवून कापते, ती पुन्हा फुटते. फोडणी टाकायच्या आधी कोथिंबीर खुडत नाही. नंतर लागेल तेवढीच खुडते. मावा मात्र अजून चिरडते, आणि ते बेनपासून लपवत नाही. त्यांना ते पटत नाही. आमचा वाद चालू आहे.

फाल्गुनात ऊन चढलं की कोथिंबिरीचा दांडा उंच होतो, पानं दोऱ्यासारखी बारीक होतात, पांढरी फुलं येतात. त्याच सुमाराला बेनचा पाला बंद होतो. त्यांच्या नियमाने आणि झाडाच्या स्वभावाने एकाच वेळी थांबावं, याचा मी कितीतरी विचार केला आहे. गेल्या वर्षी त्यांना म्हटलं, "बेन, आता हिला धणे धरू देते." त्या म्हणाल्या, "मग कार्तिकात मला थोडे द्या. मीही एक कुंडी लावून बघते."