गुन्ह्याची वारसनोंद

वारसा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बाप गेला की तलाठ्याकडं जायचं, वारसनोंद करायची, की सातबाऱ्यावर पोरांची नावं लागतात. जमिनीबरोबर सोसायटीच्या कर्जाचा बोजा येतो, विहिरीतला हिस्सा येतो, भावकीतलं भांडणसुद्धा येतं. पण बापानं केलेल्या गुन्ह्याची वारसनोंद कुठल्या दप्तरात होते? कायद्यात तशी सोयच नाही. ती नोंद गाव करतं, आणि तिला नोटीस, हरकत, सुनावणी काही लागत नाही.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात बांधावरून डोकी फुटतात, हे काही नवं नाही. आमच्याकडच्या एका वस्तीवर काही वर्षांपूर्वी असंच झालं. एकजण जिवानिशी गेला, दुसऱ्याला जन्मठेप लागली. जन्मठेपवाल्याची बायको माहेरी गेली ती परत आली नाही. मागं राहिली म्हातारी, नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात.

त्या पोरांना कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त हुरड्याला बोलावणं बंद झालं. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की आधी त्या पोराचं दप्तर उघडायचं. खेळताना ढकलाढकली झाली, की मोठी माणसं म्हणायची, "बापावर गेलंय." पोरगं आधी भांडायचं, मग गप्प राहायला लागलं. सहावीत त्यानं शाळा सोडली आणि मेंढरांमागं गेलं. म्हातारी एकदा मला म्हणाली, "बाबा, त्येच्या बापाला जल्मठेप कोर्टानं दिली. ह्या लेकराला कुणी दिली?"

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाल्या घरी जाऊन विचारतो, माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का? बायकापोरं नाही म्हणतात. कीर्तनात हे आलं की आपण सगळे माना डोलवतो. ज्यानं केलं त्यानं भोगावं, हा न्याय आपल्याला पटतो. मग कीर्तनातून घरी येईपर्यंत तो कुठं सांडतो? गोष्टीत पोरं नाही म्हणाली आणि सुटली. इथं पोरांना कुणी विचारतही नाही.

हे मी एकदा पारावर बोललो, तर एकानं तोंडावर विचारलं, "तात्या, ज्याचा मुडदा पडला त्याची पोरं काय कमी पोरकी झाली? त्यांचं आधी बघा की." हा सवाल टाळता येत नाही. त्या घरची बाई आजही दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायला जाते. तिच्या पोरांचा हक्क पहिला, यात मला शंका नाही. पण एका पोराला भाकरी दिली म्हणून दुसऱ्याच्या ताटातली कमी होते, असं हे गणित नाही. आपल्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली, असं आपण सांगतो. दारात आलेल्याचा बाप कोण, हे त्यांनी विचारलं असं कुणी सांगत नाही.

आणि एक फरक आहे. मेलेल्या माणसाच्या पोरानं बापाची आठवण काढली, की आपण त्याला जवळ घेतो. तुरुंगातल्या बापाची आठवण काढणाऱ्याला मात्र लोक चमकून बघतात. त्या लेकराला रडायचीसुद्धा चोरी.

सरकार आणि कोर्ट याबाबतीत गावापेक्षा पुढं गेले. सुप्रीम कोर्टानं २००६ साली सांगितलं, की आईबरोबर तुरुंगात राहणारं मूल कैदी नव्हे. सहा वर्षांचं होईपर्यंत ते आईजवळ राहू शकतं. त्याला खाणं, औषध, शिक्षण मिळालं पाहिजे. तुरुंगात जन्मलं असलं तरी जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचं नाव लिहायचं नाही. एवढ्या मोठ्या कोर्टानं दाखल्यावरच्या एका ओळीचा विचार केला. पण आपण जिभेनं जो दाखला लिहितो, त्याला कुठलं कोर्ट अडवणार?

आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांनाही ती लागू होते आणि ज्यांचा बाप मेला त्यांनाही. २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते. म्हातारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका गुरुजींनी कागद गोळा करून दिले, म्हणून नातीची शाळा टिकली. नातू मात्र शाळेत परत गेला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. सांगोल्याच्या पुढं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली ही कैद्यांची खुली वसाहत काढली. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा सिनेमा तिच्यावरूनच सुचला. तिथं कैदी बायकापोरांसह राहतो आणि शेती करतो. शिक्षा चालू असते, पण पोराला बाप असतो. सगळ्यांनाच असं ठेवता येणार नाही, हे कळतं. तरी आपल्याच माणदेशात हे झालं, याचा विसर पडू नये.

म्हातारी नातवंडांना भेटीला नेत नव्हती. "तिथं काय बघायचं लेकरांनी?" म्हणायची. मला वाटतं, पोरानं मागितलं तर न्यावं. आता तुरुंगांत गळाभेटीचे कार्यक्रम होतात, पोरं बापाच्या गळ्यात पडू शकतात. ही भेट म्हणजे बापाला बक्षीस नाही, तो पोराचा हक्क आहे. बाप कसा आहे, हे त्याचं त्याला बघू द्यावं.

गावानं करायचं ते फार मोठं नाही. ग्रामसेवकानं, गुरुजींनी असं घर हेरून कागद करून द्यावेत. भेटीला जायचं तर एसटीच्या भाड्याला हातभार लावावा. पेन्सिल हरवली तर सगळ्यांची दप्तरं बघावीत, नाहीतर कुणाचंच बघू नये. आणि थंडीत आगटी पेटली, कणसं भाजायला घेतली, की त्या वस्तीवरच्या पोरांनाही हाक मारावी.